पापॉच्या दारावरची रेघ

वेंडेल प्रॅटरच्या स्वयंपाकघरात कोठीच्या दाराच्या चौकटीवर एक लाल रेघ होती. त्याने ती स्वतः चाकूने कोरून रंगवली होती. नातवंडाचं डोकं त्या रेघेला लागलं की त्या उन्हाळ्यात पापॉ, म्हणजे आजोबा वेंडेल, त्याला फ्लोरिडातल्या मोठ्या पार्कला नेणार, हा प्रॅटर घराण्याचा कायदा. तिथल्या पोरांच्या लाडक्या रोलर कोस्टरवर बसायला तेवढी उंची लागते. जाऊन आलेल्या पोराचं नाव मग रेघेच्या वर कोरलं जाई. दर ईस्टरला जेवणाआधी सगळी पोरं बूट काढून मोजून घ्यायला रांगेत उभी राहत. एक वेळ चर्चला दांडी मारलेली चालेल, पण या घरात मोजणी चुकवलेली चालत नसे.

वेंडेलची सून नोरीन या मोजणीच्या नावाने बोटं मोडायची. तिची टिली साडेपाच वर्षांची. टिलीची हाडं वेगळ्या चालीने वाढत होती, ती ठेंगणीच राहणार हे डॉक्टरांनी पाळण्यातच सांगितलं होतं. त्या रेघेपर्यंत पोचायला तिचं अर्धं बालपण सरणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दर ईस्टरला कोणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, "पुढच्या वर्षी हं, राणी!" पोरीच्या तोंडाला अशी पानं पुसली जात आणि नोरीन हसून मान डोलवत असे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

यंदा नणंदेचा कोल्बी, टिलीहून वर्षाने लहान, ताठ उभा राहिला आणि त्याचे केस रेघेला टेकले. घरात एकच आरडाओरडा झाला. त्याची आई ट्रिश लगेच पिशवीतून पिवळे टी-शर्ट काढून वाटायला लागली. पाठीवर 'प्रॅटर टोळी' छापलेलं. गाडी चालवायला हवा म्हणून नोरीनच्या नवऱ्याला, डेललाही एक मिळाला. टिलीच्या हातात कापडी ससा आला.

"आणि माझा शर्ट?" टिलीने विचारलं.

"तू आणि मम्मीने पापॉच्या कोंबड्या सांभाळायच्या, शहाणी ना तू? पुढच्या वर्षी—"

नोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पुढच्या वर्षी नाही, ट्रिश. ती यंदाच येतेय."

एव्हाना सगळे जेवणाच्या टेबलाशी बसत होते.

"अगं, पण ती करणार काय तिथे?" ट्रिश म्हणाली. "निम्म्या ठिकाणी तिला घेणार नाहीत. आणि इतक्या लहानपणीचं लक्षात तरी राहतं का? जरा मोठी होऊ दे."

"तुझा कोल्बी तिच्याहून लहान आहे. त्याच्या लक्षात राहणार आणि हिच्या नाही? आठवणीसुद्धा उंची मोजून राहतात वाटतं!"

ट्रिशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. डेल ताटातलं अंडं बोटाने फिरवत होता.

"डेल, तोंड उघड," नोरीन म्हणाली. "बोलायचं नसेल तर निदान अंडं तरी खा."

वेंडेलने काटा खाली ठेवला. "नोरीन, ती रेघ मी का काढली माहीत आहे? हा डेल. एवढासा होता. भर उन्हात आम्ही त्या रांगेत उभे राहिलो. अगदी तोंडाशी आलो, तर त्यांनी उंची मोजायची काठी लावली आणि याला बाजूला काढलं. सगळ्यांच्या देखत. त्या काठीला धरून रडला गं पोरगा. त्या दिवशी मी कानाला खडा लावला. माझ्या घरचं पोर पुन्हा तिथे अडता कामा नये. टिलीला मी कमी लेखतो असं समजू नकोस. मला तिला तसं बघवणार नाही."

म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. ही रेघ मायेपोटी काढलेली असेल असं नोरीनला कधी वाटलंच नव्हतं. तिला वाईट वाटलं. राग मात्र तसाच राहिला.

"वेंडेल, तिला जन्मभर काठ्या लागणार आहेत," ती म्हणाली. "शाळेत, दुकानात, बसच्या पायरीवर. पहिली काठी तरी आपल्या माणसांत लागू दे. रडली तर मी आहे. तुम्हाला बघवलं नाही तर तोंड फिरवा. गाडीत जागा नसेल तर मी माझी गाडी काढीन. पण आम्ही येणार."

डेल उठला. त्याने आपला पिवळा शर्ट टिलीच्या अंगात घातला. तो तिच्या घोट्यापर्यंत आला.

"अय्या, हा तर फ्रॉक!" टिली म्हणाली आणि गिरकी घेऊन ससा उडवला.

जूनमध्ये सगळे गेले. तोंडाने मोठं बोललेली नोरीन रोलर कोस्टरच्या रांगेत मात्र टिलीचा हात सोडायला तयार नव्हती. टिलीला परस्पर दुसरीकडे नेता आलं असतं, पण पोरीला ती काठी बघायचीच होती. काठी कोल्बीच्या केसांना लागली आणि तो उड्या मारत आत गेला. मग टिली उभी राहिली. काठी तिच्या कितीतरी वर राहिली.

"पुढच्या वेळी हं, बाळा," काठीवाला मुलगा म्हणाला.

वेंडेलने खरंच तोंड फिरवलं.

"पुढच्या वेळी पण नाही," टिली काठीवाल्याला म्हणाली. "माझी हाडं वेगळी आहेत. सगळे खोटंच सांगतात."

आणि तिने भोकाड पसरलं. रांगेतले लोक वळून बघायला लागले. नोरीनने तिला उचललं नाही की गप्प केलं नाही, ती तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली आणि बघणाऱ्यांकडे रोखून बघत राहिली. टिली मन भरेस्तोवर रडली, पिवळ्या शर्टाला नाक पुसलं आणि आजोबांकडे वळली.

"पापॉ, तू पण रडलास?"

"थोडंसं."

"माझं झालं रडून. आता आपण पाण्यातल्या बोटीत बसू. तिथे काठी नाहीये, मी मघाशीच बघून ठेवलंय."

त्या बोटीत ती वेंडेलला घेऊन एवढ्या वेळा बसली की म्हाताऱ्याच्या बुटांतलं पाणी संध्याकाळपर्यंत वाजत होतं.

घरी परतल्यावर वेंडेलने कोल्बीचं नाव रेघेच्या वर कोरलं. मग खणातून पॉलिश पेपर काढला आणि रेघेवर घासायला लागला.

"राहू द्या ती," नोरीन म्हणाली. "बाहेर ती काठी आहेच, मग घरातली रेघ पुसून काय होणार?"

टिली बूट काढून चौकटीला पाठ लावून उभी राहिली. टाचा जमिनीला टेकलेल्या, हनुवटी वर.

"माझं नाव इथे, पापॉ. माझं डोकं आहे तिथे."

आजवर वेंडेलने सगळी नावं उभ्याने कोरली होती. या नावासाठी तो गुडघे मोडून जमिनीवर बसला. चाकू लाकडावर टेकवला तशी टिली बाजूला झाली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मोठी काढ अक्षरं. कोल्बीपेक्षा मोठी."