एकशे चाळीस मीटरवरचा काळा दगड

घाबरू नका, मी दगडच बोलतोय. घाबरायचं काम माझ्याकडे आहे आणि ते मी मन लावून करतो.

मी काळा, पापुद्र्यांचा, ठिसूळ. रामाकोना गावाच्या पलीकडे, एकशे चाळीस मीटर खोल अंधारात कोट्यवधी वर्षं सुखानं पडून होतो. कुजलेली झाडं, शेवाळ, चिखल, सगळं दबून दबून मी झालो. १९८६ च्या हिवाळ्यात वरून घरघर ऐकू आली. एक फिरती नळी थेट माझ्या अंगात घुसली आणि मला कापून वर घेऊन आली. उजेड पाहून मला कापरंच भरलं.

आम्हा तुकड्यांना लाकडी पेटीत क्रमानं निजवलं. वरचे आधी, खोलचे शेवटी, मध्ये खोलीचे आकडे लिहिलेल्या चिपा. पेटी तपासणीसाठी सौसरच्या ऑफिसात आली. जीपमधून उतरवताना मोतीराम मजुराचा पाय घसरला आणि आम्ही धाडकन अंगणभर विखुरलो. जवळपास कोणी नव्हतं.

"मेलो बाप्पा!" मोतीराम म्हणाला.

हंगामात तो पांढुर्ण्याला संत्र्याच्या पेट्या भरायचा. हात त्याच सवयीनं चालले. मोठे, अखंड दगड पहिल्या खान्यांत, बारके मागं. चिपा आकड्यांप्रमाणे खोचल्या. पेटी काय देखणी दिसू लागली! आणि मी, फुटका म्हणून, गेलो एकशे नव्वदच्या चिपेजवळ. अरे, ही माझी जागा नाही, मी ओरडलो. पण दगडाचं कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशी यशवंतराव साहेब आले. कोणत्या दगडात किती गॅस आहे हे शोधायचं त्यांचं काम. त्यांनी माझा कोपरा फोडला, कुटला, काचेच्या नळीत घालून तापवला आणि नळीच्या तोंडाशी पेटती काडी धरली. भप्प! माझ्याच पोटातून आग निघाली. तोवर मी हातोडीला भीत होतो. आता मला माझीच भीती वाटू लागली.

साहेबांनी माझ्या शेजारची एकशे नव्वदची चिप वाचली आणि ते खूश झाले. "दुसरं भोक शेजारीच चाललंय. आज एकशे तीसपर्यंत गेलं असेल. त्यांना चिठ्ठी पाठवा, एकशे ऐंशीनंतर बिडी बंद. तोवर धोका नाही."

मोतीराम चहा घेऊन उभा होता. त्याचा धाकटा भाऊ गुणवंता त्याच यंत्रावर होता, आणि गुणवंताच्या तोंडातली बिडी दिवसभर विझत नसे. बोललं तर नोकरी गेलीच. बोल रे बाबा, लवकर बोल, मी आत तडफडत होतो.

"साहेब, पेटी माह्या हातून पडली. मी संत्र्यावानी लावले गोटे. मोठे पयले, बारके मांगं. हा काळा कुठचा हाय, मले नाई मालूम. गुणवंता बिडी वढून राहिला असंन, साहेब!"

एक शिवी हासडून साहेब जीपकडे धावले.

मोतीराम मला मुठीत घट्ट धरून पायरीवर बसला. तीन तास. त्याचा घाम माझ्या पापुद्र्यांत मुरला. जीपचा आवाज आला तेव्हा आम्हा दोघांचीही तिकडे पाहायची हिंमत होईना.

गुणवंता आपल्या पायांनी चालत आला.

"दादा, साहेबानं माह्या तोंडातली बिडी हिसकली न पाण्यात टाकली. अर्ध्या घंट्यात भोकातून गॅस फसफसून आला ना! एकशे चाळीसले!"

मोतीरामनं त्याला मिठी मारली आणि तो मोठ्यानं रडला. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं.

आता माझ्यावर पांढऱ्या रंगानं खरा आकडा लिहिलाय. उद्या उरलेल्या मलाही कुटणार आहेत. मी थरथरतोय, लपवत नाही. जाता जाता एवढंच मागतो: तुमच्या हातून अशी पेटी पडली, तर ती नीटनेटकी लावून गप्प बसू नका. त्या दिवशी मला सगळं ठाऊक होतं, पण मी पडलो दगड. एका माणसानं तोंड उघडलं, म्हणून गुणवंता घरी आला.