इंदुबाईचे धवले

माझा धाकटा भाऊ भावेश फार हुशार आहे, हे अख्ख्या पाम गावाला ठाऊक आहे. त्यानेच सांगितलंय.

आमची आई इंदुबाई लग्नात धवले म्हणायची. मांडव घालण्यापासून पाठवणीपर्यंत बायका म्हणतात ती गाणी. ती कुठे लिहिलेली नाहीत, गावात आता फक्त आईला तोंडपाठ होती. मी तिला समोर बसवून सगळी रेकॉर्ड केली आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवली. तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा, पण तो माझा होता. बटण दाबलं की आई गायची, कोणाची परवानगी लागत नव्हती.

भावेशच्या डोळ्यांत तो डबा खुपायचा. खाऱ्या हवेने एक दिवस बंद पडेल म्हणाला. त्याच्या कंपनीने त्याला ऑनलाइन भरपूर जागा दिली होती. त्याने सगळं तिथे चढवलं, माझ्या मोबाइलवर ॲप टाकलं आणि कॉम्प्युटर भंगारात देऊन टाकला. हुशार माणसाशी कोण वाद घालणार?

पुढे आईला लकवा मारला आणि तिची वाचा गेली. त्याच सुमारास भावेशने नोकरी बदलली, पेढेही वाटले. माझ्या मुलीचं, समिधाचं लग्न ठरलं तेव्हा धवले ऐकायला मी ॲप उघडलं, तर खातं बंद. भावेशने जुन्या कंपनीत विचारलं. खातं कंपनीचं, त्यातलं सगळं कंपनीचं, आणि माणूस सोडून गेला की ते पुसून टाकतात, असं त्यांनी अगदी गोड शब्दांत कळवलं. त्या गोडपणानेच माझं डोकं फिरलं.

"दुसरं ॲप टाकून देतो ताई, फुकट हाय," भावेश म्हणाला.

"त्यात ठेवू काय?" मी विचारलं.

मग रोज दुपारी आईच्या खाटेशी बसून मी आठवतील तसे धवले म्हणू लागले. मांडवाचा जमला. पाठवणीचा मात्र अर्ध्यावर अडायचा. मी अंदाजाने ओळ जोडायची, आई मान हलवून नाही म्हणायची. दुसरी जोडली तरी नाही. खरी ओळ तिला येत होती. तिचे ओठ थरथरायचे, घशातून नुसता आवाज यायचा आणि डोळे भरून यायचे. भावेशचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

"आई, रावदे आता," समिधा म्हणाली. "आजीला तरास होतो."

समिधा पाठवणीच्या धवल्याशिवाय सासरी गेली.