उंचीप्रमाणे रांग

केजजवळच्या तलावावर त्या सकाळी एकतीस माणसे होती: सतरा बाया, चौदा गडी. फावडी सहा, टोपली चोवीस. शिवाय बाभळीखाली जुना मुकादम बंकट, तो मोजणीत नव्हता.

निजामाच्या राज्यातली, फसली सन तेराशे वीसची (इंग्रजी १९१०-११) गोष्ट. नवा मुकादम महारुद्र हैदराबादेत जमीनमोजणी शिकून आला होता. तहसिलीचा हुकूम असा, की दिवस मावळेपर्यंत फुटलेला बांध हातभर, म्हणजे चोवीस अंगुळे चढला तर मुकादमी त्याची; नाहीतर पुन्हा बंकटची.

सहा जण खोदायला लावून उरलेल्या पंचवीस जणांची त्याने रांग केली, उंचीप्रमाणे. कुणाला वाकायला नको, टोपले हातोहात जाईल. वहीत ते इतके देखणे दिसले की तो स्वतःशीच हसला.

पण टोपली जागोजाग जमिनीवर बसू लागली. बाई टोपले खाली ठेवी, पदर ओढून तोंड फिरवी, मग शेजारचा गडी ते उचली. दुपारपर्यंत टोपली एकशे ऐंशी, बांध पाच अंगुळे.  महारुद्राने सगळ्यांची उंची पुन्हा मोजली. बरोबर होती.

शेवटी तो म्हाताऱ्या छबुबाईपुढे उकिडवा बसला. "मावशी, टोपलं खाली का ठेवता?"

"इचारलंत एकदाचं. ह्या गीताबाईच्या शेजारी तिचा सासरा उभा केलाय तुमी. त्याच्या हातात टोपलं देईल व्हय ती? पलीकडं थोरला दीर आन् धाकटी भावजय. समदी रांग अशीच हाय."

"मग बंकटदादा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी कुठं शिकलेला हाय बे," बंकट बाभळीखालून म्हणाला.

"मावशी, मग तुम्हीच शिकवा."

छबुबाईने एका दमात पंचवीस जणांची नाती सांगितली. स्वतःच्या नवऱ्यापाशी मात्र नुसती हनुवटी उडवली. नवी रांग लागली: नणंदेशेजारी भावजय, वहिनीशेजारी धाकटा दीर, साडूशेजारी साडू. उंचीचा पार बोजवारा उडाला आणि टोपली पळू लागली.

"वयनी, हात उचल, का म्हायेराला धाडू?" एक नणंद म्हणाली.

"धाड की. तुज्या हातची भाकर खाऊन तुजा भाऊच मागं पळत यील."

हसता हसता टोपली उडत होती. महारुद्रालाही राहवेना. धोतर खोचून तो म्हणाला, "मी कुठं उभा राहू? माझं इथं कुणीच नाही."

"आजपासनं तुमी गावाचे मेव्हणे," छबुबाईने निकाल दिला.

मग काय, दोन्हीकडून टोमणे. "मेव्हणं, मनगटं लेखणीचीच आणली का?" महारुद्र इतका हसला की दोन टोपली त्याच्याच पायावर सांडली.

दिवस मावळताना बंकटने उठून मोजणीचा गज बांधाला लावून धरला. महारुद्राने वाकून वाचले. टोपली आठशे बहात्तर. बांध एक हात, दोन अंगुळे.