हसण्याचं कारण

भगवंतराव अमरावतीच्या एका कॉलेजात तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. मेंदू म्हणजे नुसतं यंत्र, ते चालवणारा ‘मी’ वेगळाच, हे ते लग्नाच्या पंगतीतही समजावून सांगत. मग त्यांना झटके येऊ लागले आणि मेंदूत गाठ निघाली.

अकोल्याच्या डॉ. प्रतीक्षा म्हणाल्या, “सर, तुम्हाला जागं ठेवूनच ऑपरेशन करू. तुम्ही बोलत राहा, म्हणजे बोलण्याची जागा मला सांभाळता येईल.”

“त्याची चिंता नका करू,” त्यांची बायको कौशल्याबाई म्हणाली. “बोलनं थांबवाचं औषध असन तं सांगा.”

कवटी उघडली तरी भगवंतराव आत्म्यावर बोलतच होते. डॉक्टरांनी विजेची बारीक तार मेंदूच्या एका जागी टेकवली, आणि ते खदखदून हसले.

“काय झालं सर?”

“या सिस्टरची टोपी वाकडी आहे!”

तार उचलली, हसू थांबलं. पुन्हा टेकवली.

“आता?”

“आमचे जुने प्राचार्य आठवले.”

तिसऱ्यांदा त्यांना भिंतीवरच्या घड्याळाचं तोंड फार गंभीर वाटलं.

गाठ निघाली. आठवड्यानं डॉक्टरांनी त्यांना व्हिडिओ दाखवला. “हसू तारेनं आणलं, सर. कारण तुमच्या मेंदूनं मागाहून जुळवलं. तुम्हाला मात्र ते खरंच वाटत होतं.”

भगवंतरावांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. “टोपी वाकडी होतीच,” ते पुटपुटले.

“ती सकाळपासूनच होती.”

“मंग त्रेचाळीस वर्षं माह्यावर चिडून राहिले,” कौशल्याबाई म्हणाली, “त्याची कारनं कोन जुळवे?”



दोन महिन्यांनी ज्येष्ठ नागरिक संघानं त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय होता चैतन्य. भगवंतराव उठले, माईक धरला, “मी...” म्हणाले आणि अडकले. पुढचं वाक्य आपण ठरवतोय, की ते आधीच ठरलंय आणि आपल्याला फक्त ऐकू येणार आहे? घाम फुटला. पाच मिनिटं गेली. ते तसेच खाली बसले.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतल्या शेषरावांनी तर डोळे पुसले.

“मौनातून एवढं सखोल विवेचन आजवर ऐकलं नाही,” अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या महिन्याचीही तारीख पक्की केली.