साडेतीन चेहरे

शिंप्याच्या कापड बेतायच्या टेबलावर त्या रविवारी दुपारी बावन्न पत्ते होते, एकशे ब्याण्णव बटणं होती, पाण्याचे चार पेले होते आणि टेबलाभोवती साडेतीन चेहरे होते. बटणांपैकी एकशे साठ शर्टाची पांढरी, किंमत एक. बत्तीस कोटाची काळी, किंमत दहा. चेहऱ्यांपैकी एक शिंप्याचा, एक औषधांच्या दुकानवाल्या बाईंचा, एक मेहुण्याचा. उरलेला अर्धा चष्मेवाल्यांचा. तसे त्यांचे नाक-डोळे जिथल्या तिथे होते; पण दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू वेळेवर उठली आणि डावी उठलीच नाही.

डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे. बहुतेकांचं परत येतं, सगळ्यांचं येत नाही. रात्री डोळ्यावर पट्टी लावून झोपा आणि आरशासमोर चेहऱ्याला कामाला लावा.

चष्मेवाल्यांनी पट्टी लावली. दुकानातही गेले. पण गिऱ्हाइकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आपलं तोंड नेणं हा त्यांच्या धंद्याचा अर्धा भाग होता. तिसऱ्या दिवशी एका शाळकरी मुलीच्या नाकावर त्यांनी नवी फ्रेम चढवली. ती म्हणाली, "काका, यातून तुमचं तोंड वाकडं दिसतंय." त्यांनी चष्मा काढला, काचा पुसल्या, पुन्हा चढवला. ती म्हणाली, "अजून तसंच." दुसऱ्या दिवसापासून दुकान भागीदार बघू लागला.

घरी बसलेल्या माणसाला बाहेर काढायचं काम मेहुण्यानं अंगावर घेतलं. "भाऊजी, असे किती दिवस भिंतीचा नंबर काढत बसणार? रविवारी शिंप्याकडे चला. पत्त्यांना तोंड लागत नाही."

हे खरं नव्हतं. पोकरला तोंडच लागतं. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मधे पाच पत्ते उघडतात, आधी तीन, मग एकेक, आणि या सातांतून ज्याचे पाच भारी त्याला मधली बटणं. पण मधल्या मधे समोरच्याला हूल देऊन पत्ते टाकायला लावता आलं, तर हातात रद्दी असली तरी बटणं आपली. अकरा वर्षं दर रविवारी हा खेळ चालला होता आणि अकरा वर्षांत चष्मेवाल्यांची एकही हूल पचली नव्हती. चांगले पत्ते आले की त्यांचे दोन्ही गाल वर जायचे, वाईट आले की खाली यायचे. शिंपी त्यांना आरसा म्हणायचा. "हातच्या काकणाला आरसा कशाला," तो पत्ते टाकत म्हणायचा, "समोर बसलाय की आपला."

तोंड वाकडं झाल्यावर पहिल्याच रविवारी ते साठ बटणांनी जिंकले.

पुढच्या रविवारी त्यांनी खुर्ची कपाटाला खेटून ठेवली. उजवी बाजू कपाटाकडे, डावी टेबलाकडे. पत्ते काहीही येवोत, टेबलाला दिसायचा तो न हलणारा गाल आणि पापणी न लवणारा डोळा. त्या रविवारीही ते जिंकले. त्याच्या पुढच्याही.

घरी मुलगी होती. नुकतीच व्यायामोपचाराची परीक्षा पास होऊन एका दवाखान्यात लागलेली. दर रविवारी सकाळी ती वडिलांना स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवायची, हसायला सांगायची आणि ओठाचा कोपरा किती वर गेला ते मोजायची. मोजपट्टी दुकानातलीच, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायची, मिलिमीटरच्या रेघांची. उजवा कोपरा चौदा मिलिमीटर जायचा. डावा शून्य. पाच रविवार शून्य.

"बाबा, व्यायाम करता ना?"

"करतो."

"आरशासमोर?"

"हो तर."

आई भांडी पुसत होती. तिनं मान वर केली नाही. "आरशावर मी मंगळवारी टॉवेल वाळत घातलाय. तो अजून कुणी हलवलेला नाही."

मुलीनं पट्टी खाली ठेवली. "बाबा."

"अगं, मी जिंकतोय."

"मग?"

"अकरा वर्षांत पहिल्यांदा जिंकतोय."

"म्हणजे तोंड वाकडं राहिलं तरी चालेल, बटणं आली पाहिजेत? नस जागी व्हायला बघत असेल आणि तुम्ही तिला थोपटून झोपवताय. उद्या ती झोपलीच तर?"

"बटणांचं नाही गं," चष्मेवाले म्हणाले. दुकानात, रस्त्यात, जिन्यात लोक त्यांच्या तोंडाकडे बघून नजर खाली घालायचे. फक्त शिंप्याच्या टेबलावर त्या तोंडाला किंमत होती.

मुलगी खोलीत गेली आणि पत्त्यांचा जोड घेऊन आली. वसतिगृहात चार वर्षं ती काय करत होती ते घरात त्या दिवशी कळलं.

"चेहऱ्यावर कुणी जिंकत नाही," ती पत्ते पिसत म्हणाली. "मी तुम्हाला नीट खेळायला शिकवते, म्हणजे तुम्हाला त्या गालाची गरज उरणार नाही. एका युक्तीची किंमत वीस वेळा 'ई' नाहीतर वीस वेळा 'ऊ'. आधी रोख, मग माल."

टॉवेल निघाला. चष्मेवाल्यांनी आरशासमोर वीस वेळा 'ई' केलं. उजवीकडे ई दिसली, डावीकडे काही नाही.

"पहिली. नवशिक्या माणूस हरतो तो वाईट खेळून नाही, फार खेळून. चार डावांतले तीन सुरुवातीलाच टाकून द्यायचे. तुम्ही किती टाकता?"

"एकही नाही. पत्ते आलेत तर बघावं ना काय होतंय ते."

"लग्नाची जेवणं नाहीत ही, की ताट आलं म्हणजे बसलंच पाहिजे. दुसरी."

वीस 'ऊ'.

"शेवटी बोलणाऱ्याचं बरं असतं. आधीच्यांनी काय केलं ते बघून ठरवता येतं. आपल्या आधी कमी माणसं बोलली असतील तर पत्ते आणखी चांगले हवेत. तिसरी. हातात आणि मधे मिळून चार बदाम झालेत, पाचवा हवा. किती बदाम उरले?"

"तेरातले चार गेले. नऊ."

"एकच पत्ता उघडायचा बाकी असेल तर नऊ दुणे अठरा. शंभरातून साधारण अठरा वेळा बदाम येईल. दोन पत्ते बाकी असतील तर दुणे नाही, चौपट. अंदाज आहे, पण घरगुती खेळाला पुरतो."

"हे बरं आहे," चष्मेवाले म्हणाले. 'बरं'मधला ब फुर्रकन हवेत गेला.

आई हात पुसत येऊन बसली होती. "मलाही वाटा दोन," ती म्हणाली. तिला कुणी 'ई' मागितलं नाही, यावर चष्मेवाल्यांनी हरकत घेतली. ती फेटाळली गेली.

"चौथी. जो माणूस पत्ते टाकतच नाही, त्याला कधी हूल द्यायची नाही. फुकट जाते. तुमच्यात असा कोण आहे?"

"तुझा मामा," आईवडील एकदम म्हणाले.

"मामाकडे चांगले पत्ते घेऊनच जायचं. आणि पाचवी, शेवटची. डाव टाकल्यावर छताकडे बघत बसायचं नाही. दुसरे कसे खेळतात ते बघायचं. कोण कुणासमोर टाकतो, कुणासमोर टाकत नाही. आपल्या चेहऱ्याची काळजी करणाऱ्याला दुसऱ्याचा दिसत नाही."

आठवडाभर हीच उजळणी झाली. 'ई'ची आणि नऊ दुणे अठराची. सातव्या सकाळी मुलीनं पट्टी लावली, दोनदा डोळे बारीक केले आणि म्हणाली, "काहीतरी आहे. पण पट्टीची बारीकातली बारीक रेघ एक मिलिमीटरची. शून्य धरू."

आणि दुपारी शिंप्याचं टेबल.

चष्मेवाले कपाटाशी बसले आणि पत्ते टाकू लागले. पहिला डाव टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला.

"तब्येत बरी आहे ना भाऊजी?" मेहुण्यानं विचारलं.

"युक्ती आहे."

"टाकण्यात कसली आलीय युक्ती? टाकायचं तर घरीच बसावं माणसानं."

हातात काही नसल्यामुळे बघायला भरपूर वेळ होता. मेहुणा शिंप्याविरुद्ध अठ्ठी आणि तिर्री घेऊन शेवटपर्यंत गेला आणि हरला. मग बाईंविरुद्ध त्याहून वाईट घेऊन गेला आणि हरला. "बघू तरी," असं म्हणत तो प्रत्येक वेळी बटणं सारायचा, जसा अकरा वर्षं सारत आला होता. अधूनमधून चष्मेवाल्यांना खेळण्याजोगे पत्ते आले, त्यांनी दोन काळी बटणं पुढे केली, आणि मेहुण्यानं पत्ते टाकले. तीन वेळा असं झालं. तिन्ही वेळा "बघू तरी" आलं नाही.

चौथी युक्ती आणि पाचवी युक्ती एकमेकींशी जमेनात. जो माणूस कधी टाकत नाही तो टाकत होता, आणि एकाच माणसासमोर टाकत होता. पुढच्या डावाला चष्मेवाल्यांना दुर्री आणि सत्ती आली, एक चौकट, एक किलवर. यापेक्षा वाईट जोडी या खेळात नाही. मुलीच्या शिकवणीप्रमाणे ती ताबडतोब टाकायची. त्यांनी ती ठेवली.

मधे राजा, नश्शी, नश्शी उघडली. शिंपी आणि बाई बाहेर पडले. मग चव्वी. मग पंजी. मेहुणा प्रत्येक वेळी मुकाट्यानं एक-दोन पांढरी ठेवत होता. चष्मेवाल्यांनी स्वतःपुढची सगळी काळी बटणं मधे लोटली.

मेहुण्यानं आपल्या पत्त्यांकडे पाहिलं. मग चष्मेवाल्यांच्या डाव्या गालाकडे पाहिलं. "तुमच्यापुढे काय चालणार भाऊजी," तो म्हणाला आणि पत्ते पालथे सारले.

टाकलेले पत्ते उलटून बघायचे नाहीत, असा टेबलाचा नियम होता. शिंप्यानं तो अकरा वर्षांपूर्वी पहिल्याच रविवारी घातला होता आणि तो कुणी मोडला नव्हता. चष्मेवाल्यांनी हात लांब केला आणि पत्ते उलटले.

राजा आणि नश्शी. मधल्यांसह तीन नश्श्या, दोन राजे.

बाईंनी पेला उचलला, पाणी प्यायल्या, खाली ठेवला.

"हे दगडानंसुद्धा टाकले नसते," चष्मेवाले म्हणाले.

"मला नीट दिसलं नाही," मेहुणा म्हणाला.

"चष्मा मी दिलाय तुला. नंबर बरोबर आहे. केव्हापासून चाललंय हे?"

मेहुण्यानं शिंप्याकडे पाहिलं. शिंप्यानं खडू उचलून त्याची धार तपासली. "ठरवून नाही रे केलं. पहिल्या रविवारी तू पाणी प्यालास आणि अर्धं सदऱ्यावर आलं. तू पुसलंस आणि पुन्हा पत्ते उचललेस. माझ्या हातात दोन राण्या होत्या. टाकवल्या नाहीत मला, पण टाकल्या."

"मी दोनदाच टाकले," बाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा खरंच वाईट होते."

"आणि तू?"

"मी मोजले नाहीत, भाऊजी."

"सहा रविवार," चष्मेवाले म्हणाले. "सहा रविवार मी या गालाला जपून ठेवलंय. आरशावर टॉवेल राहू दिला घरी. दया करायची होती तर तोंडावर सांगायचं होतं!"

"तोंडावरच तर पंचाईत होती," शिंपी म्हणाला, आणि लगेच खडू खाली ठेवला.

आपण उठून जाणार, असं चष्मेवाल्यांना वाटलं. बाकीच्यांनाही तसंच वाटलं. मेहुणा तर त्यांची चप्पल कुठे आहे ते बघायला लागला. पण उठून जायचं तर रस्त्यात, जिन्यात पुन्हा खाली गेलेल्या नजराच होत्या, आणि इथे निदान तिघं त्यांच्याकडे सरळ बघत होते. त्यांनी खुर्ची उचलली, कपाटापासून दूर आणली आणि टेबलासमोर सरळ ठेवली. दोन्ही बाजू दिसतील अशी.

"बटणं पुन्हा वाटा," ते म्हणाले. "सारखी. आणि जो मला एक पत्ता सोडेल, त्याचा पुढचा चष्मा मी बनवणार नाही."

"बघू तरी," मेहुणा म्हणाला.

मग तिघांनी चष्मेवाल्यांना सोलून काढलं. शिंप्यानं दश्श्यांवर हरवलं, बाईंनी एका साध्या जोडीवर, आणि मेहुण्यानं अठ्ठी-छक्कीवर, जी त्यानं पहिल्याच वेळी टाकायला हवी होती. चष्मेवाल्यांनी दोनदा हूल दिली. दोन्ही वेळा शिंपी त्यांच्या उजव्या गालाकडे बघून म्हणाला, "राहू दे." नऊ दुणे अठराही एकदा बरोबर मोजले, बदाम आला नाही. पांढऱ्या बटणांचा ढीग मूठभर झाला आणि काळं एक उरलं.

शिंप्यानं पत्ते वाटले. वाटण्याआधीची सक्तीची बटणं ठेवून झाली होती, बाईंनी एक, मेहुण्यानं दोन. पहिली बोलायची पाळी चष्मेवाल्यांची होती. त्यांनी पत्त्यांचे कोपरे उचलून पाहिले. इस्पिकचा एक्का. चौकटचा एक्का. दोनशे एकवीस डावांतून एकदा येते ही जोडी, मुलीनं सांगितलं होतं. त्यांनी घाई न करता सहा पांढरी पुढे केली.

शिंपी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. "टाकले."

बाईंनीही वर पाहिलं. "टाकले."

मेहुण्याचं तोंड "बघू" म्हणायला उघडलं होतं. ते त्यानं मिटलं. "टाकले."

चष्मेवाल्यांनी एक्के टेबलावर आपटले. "आत्ताच काय सांगितलं होतं मी? एक्के आलेत मला, एक्के! कळतंय का? पुन्हा दया?"

"दया कसली, आरशा," शिंपी म्हणाला. "एक्के आले ते आम्हाला केव्हाच दिसलं."

"उजवीकडे दिसलं असेल."

"दोन्हीकडे."

मेहुणा उठून त्यांच्या डाव्या बाजूला येऊन वाकला आणि वीतभर अंतरावरून बघू लागला. "भाऊजी, पुन्हा एक्के आल्यासारखं करा बघू."

डावातली तीन बटणं चष्मेवाल्यांनी ओढून घेतली. त्यानंतर ते सगळं हरले.

सोमवारी सकाळी मुलीनं त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवलं. आईनं पट्टी आणून दिली आणि शेजारी उभी राहिली. मुलीनं तीनदा मोजलं.

उजवा कोपरा चौदा मिलिमीटर. डावा दोन.