न विचारता दिलेला आवाज

दुसऱ्यांच्या कल्पनांवर पैसे लावणं हा त्याचा धंदा. नव्या कंपन्या शोधायच्या, त्यांच्या मागे उभं राहायचं आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काही हजार लोकांना एक पत्र पाठवायचं: कोणती नवी कंपनी सापडली, कृत्रिम बुद्धिमत्तेत काय पाहिलं, कोणतं गाणं ऐकलं. पहिल्या दोन गोष्टी लोक कामासाठी वाचत. गाण्याबद्दल मात्र तो जीव ओतून लिहायचा, आणि ते ताईमुळे.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्याचं न्हाणं-खाणं केलं. पुढे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिनं चाळीस वर्षं मुलींना गाणं शिकवलं. त्याला सूर कधी लागला नाही. ती म्हणायची, "धाकट्या, तू नुसतं ऐक. गाणारे उदंड झालेत, ऐकणाऱ्यांचाच दुष्काळ आहे."

मागच्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्याच्या खाली एक छिद्र होतं, श्वास तिथून चालायचा. बोलायचं असेल तर ती लहानशा पांढऱ्या पाटीवर लिहायची. मुली हळूहळू यायच्या बंद झाल्या.

त्याच सुमाराला एक चष्मेवाली इंजिनिअर तिच्या कंपनीचं काम दाखवायला त्याच्या ऑफिसात आली. कोणाचाही तासभराचा आवाज दिला, तर तिचं यंत्र त्या आवाजात हवं ते गाऊ शकत होतं. ऐकता ऐकता त्याच्या अंगावर काटा आला. तो एवढंच म्हणाला, "जुन्या कॅसेट चालतील?"

ताई तपासणीला गेली होती, तेव्हा त्यानं तिच्या कपाटातून अकरा कॅसेट काढल्या. भावोजी दारात उभे होते.

"तिला विचारलंस का?"

"सरप्राइज आहे, भावोजी."

"तिला सरप्राइज आवडत नाही. जन्मात एक मीच पुरे झालो म्हणते."

दोघं हसले. त्यानं कॅसेट पिशवीत टाकल्या. कंपनीच्या फॉर्मवर 'आवाजाच्या मालकाची परवानगी आहे' अशी एक ओळ होती. त्या ओळीपुढे त्यानं खूण केली. चष्मेवालीनं विचारलं, तर म्हणाला, "अहो, माझी सख्खी बहीण आहे."

तीन आठवड्यांनी गाणं आलं. ताईनं कधीच न गायलेलं, नवंकोरं, आणि आवाज मात्र तिच्या पस्तिशीतला. गाडीत बसून त्यानं ते चार वेळा ऐकलं आणि चारही वेळा रडला. रविवारी तिला ऐकवायचं ठरवलं होतं, पण मिटिंग लांबली. सोमवारचं पत्र मात्र वेळेवर गेलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'माझ्या ताईचा आवाज परत आला'. यंत्राचा उल्लेख पार खाली, गाण्याच्या दुव्याच्याही नंतर होता.

सोमवारी दुपारी ताईच्या घरी फोन वाजला. भावोजी अंघोळीला गेले होते, म्हणून तिनं उचलला. पलीकडे दूरच्या गावी राहणारी तिची जुनी शिष्या होती.

"ताई! ऐकलं मी! अहो, आवाज परत आला तुमचा! एकदा नुसतं नाव घ्या ना माझं. एकदाच."

ताई रिसिव्हर धरून उभी राहिली. गळ्यातून नुसता वारा येत होता.

"हॅलो? ताई? ऐकू येत नाहीये काही…"

भावोजी बाहेर आले, तेव्हा रिसिव्हर जागेवर होता आणि ताई फोनकडे बघत बसली होती.

संध्याकाळी तो आला. तिनं हातानंच खुणावलं, ऐकव. तिनं डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं, मग पाटी ओढली. 'ही श्वास कुठे घेते?'

"ते काढून टाकतात," तो उत्साहानं म्हणाला. "श्वासाचा आवाज म्हणजे त्यांच्या हिशेबी गोंगाट."

'श्वास कुठे घ्यायचा, हेच तर शिकवत आले मी.' तिनं पुसलं. पुन्हा लिहिलं. 'मला विचारलं का नाहीस?'

"तुला आनंद होईल वाटलं, ताई."

तिनं पाटी पुन्हा पुसली. मग तिनं लिहिलं, 'मेलेल्यांना विचारता येत नाही. मी आहे अजून.'

निघताना भावोजींनी त्याला दुपारच्या फोनचं सांगितलं, ताईनं त्यांना पाटीवर लिहून दाखवलं होतं ते. त्यानं दुसऱ्याच दिवशी सगळं पुसायला लावलं. चष्मेवालीनं मुकाट्यानं पुसलं. "पण लोकांनी उतरवून घेतलंय, सर," ती म्हणाली. "ते आता आपल्या हातात नाही. तुम्ही परवानगी आहे म्हणालात, म्हणून…"

त्यानंतर तो दर रविवारी जायचा. ताई रागावली नव्हती. चहा करायची, आपल्या मुलांची ख्यालीखुशाली लिहून सांगायची. फक्त तो आला की उठून रेडिओ बंद करायची. आधी दोघं मिळून ऐकायचे. त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी लिहिलं नाही.

आठ महिन्यांनी गाठ परत आली, आणि या खेपेला तिला घेऊनच गेली.

शोकसभा एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. चाळीस-पन्नास शिष्या आल्या होत्या. दूरच्या गावची ती शिष्या पुढे झाली, स्पीकरला फोन जोडला आणि म्हणाली, "हे ताईंचं शेवटचं गाणं." पहिल्याच ओळीला बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्यानं भावोजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

तो उठला आणि त्यानं वायर काढली.

"हे ताई नाही," तो म्हणाला. "यंत्र आहे. मी करवून घेतलं, तिला न विचारता. तिला आवडलं नव्हतं."

मागे कोणाची तरी खुर्ची करकरली. मग एकेक जण फोटोला हात जोडून बाहेर पडला.

ती शिष्या त्याला जिन्यात भेटली.

"मी त्या दिवशी फोन केला होता. पलीकडून काहीच येईना. मला वाटलं लाइन खराब आहे, म्हणून परत केलाच नाही." ती थांबली. "त्या होत्या का फोनवर?"

नाही म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"होती," तो म्हणाला. "ऐकत होती."

"आणि मी म्हणत होते, नाव घ्या…"

ती तिथेच पायरीवर बसली. तो तिच्या शेजारी बसला. वर हॉलमध्ये शिपाई खुर्च्या एकात एक रचत होता, त्याचा आवाज तेवढा खाली येत राहिला.