हिरव्या रेघेची गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. पण ‘गिटार’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर दुकानातली ती चकचकीत, नखरेल गिटार आली असेल, तर तिला आधी बाहेर काढा बघू. माझं पोट एका जुन्या कपाटाच्या फळ्यांचं आहे. आणि मला घडवणाऱ्या बाईंनी माझ्याआधी जन्मभर फक्त दारं-खिडक्या केल्या होत्या. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची, म्हणून मीही काकूच म्हणते.

आता दारं करणाऱ्या बाईला गिटार करायचं खूळ कुठून आलं? त्याला कारण काका.

काका म्हणजे काकूंचे यजमान. दिवसभर शाळेची बस चालवायची आणि घरी आल्यावर हातपाय धुऊन गिटार घेऊन बसायचं, हा त्यांचा नेम. पुढे त्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडली. त्यांच्या जुन्या गिटारीची जाड मान मुठीत मावेना, तारा दाबल्या जाईनात. शेवटी त्यांनी ती भाचीला देऊन टाकली आणि म्हणाले, “सुटलो बुवा!” सुटले कसले! माणूस मुका झाला हो. जेवायला बसले तरी गप्प, बस धुतानाही गप्प. काकूंना ते बघवेना.

“अहो, तुमच्या हाताला बसेल अशी गिटार मीच करते.”

“अगं, ती गिटार आहे, खिडकी नाही!”

“लाकूडच ना? मग बघा तुम्ही.”

आणि मागच्या खोलीत माझा जन्म सुरू झाला. सुरुवातच धडाक्यात झाली. माझ्या कमरेची पातळ फळी गरम नळीवर वाकवताना काकूंनी घाई केली आणि फळी कडकन मोडली. काकू तिच्याकडे बघत म्हणाल्या, “बरं बाई, रागावू नकोस.” मग दुसरी फळी भिजवून घेतली आणि तिच्या कलाने घेत घेत वाकवली. मानेचं काम तर बघण्यासारखं होतं. काका जेवत असोत नाहीतर पेपर वाचत असोत, काकू मानेचं लाकूड घेऊन हजर. “मूठ वळा जरा. कुठे टोचतंय?” काका सांगायचे, काकू घासायच्या. काका वरवर कुरकुरायचे, पण त्यांची बोटं त्या लाकडावरून उगाचच वरखाली फिरायची. ते मला बरोबर कळायचं.

काकांची बहीण, म्हणजे काकूंची नणंद, जवळच राहायची. ती आली की खोलीत डोकावून विचारायची, “वहिनी, हिला कडी-कोयंडा कुठे लावणार?”

अखेर तारा चढल्या. काकांनी मला मांडीवर घेतलं. काकू पदराला हात पुसत समोर उभ्या. काकांनी तार दाबली. परत दाबली. त्यांचं तोंड वेदनेनं वाकडं झालं. तारा माझ्या मानेपासून इतक्या उंच उठल्या होत्या, की धडधाकट माणसाचीही बोटं सोलून निघाली असती. काकांनी मला हळूच खाली ठेवलं.

“राहू दे गं. छान केलीस. माझाच हात आता कामाचा नाही.”

मित्रांनो, त्या वेळी मला इतकं वाईट वाटलं! चूक माझ्यात होती आणि बोल बिचाऱ्या हाताला.

काकू स्वयंपाकघराकडे वळल्या. तिथलं हिरवं दार नेहमीप्रमाणे अडकून बसलं होतं. हवा दमट झाली की ते फुगायचं आणि धक्का दिल्याशिवाय हलायचं नाही. गावाची दारं करणाऱ्या काकूंना घरच्या दाराकडे बघायला सवड कुठली! त्यांनी खांदा लावला, दार धाडकन उघडलं आणि काकू तिथेच थबकल्या.

“अगंबाई! मी हिला दारासारखी फट ठेवली!”

झालं होतं असं. दार फुगतं, म्हणून दार आणि चौकट यांच्यामध्ये थोडी फट ठेवतात. जन्मभराची सवय ती! माझ्या मानेचं टोक पोटाच्या खाचेत बसवतानाही काकूंच्या हातानं आपोआप फट ठेवली आणि तिच्यात सरस भरला. तारांनी ओढलं तशी मान पुढे झुकली आणि तारा उचलल्या गेल्या.

“ऐकलंत का? हात तुमचा नाही, माझा चुकला!” काकू इतक्या आनंदाने ओरडल्या, की जणू त्यांना बक्षीसच लागलं होतं.

मग किटलीच्या वाफेनं सरस सैल करून त्यांनी माझी मान काढली. मान धडावेगळी होणं म्हणजे चेष्टा नाही महाराजा! मी जीव मुठीत धरून पडून होते. आता फट भरायला जुनं, मुरलेलं लाकूड हवं होतं. काकूंनी हिरवं दारच बिजागरीवरून उतरवलं. नणंदेनं ते धरलं, काकूंनी त्याची अडकणारी कड कापली आणि त्याच कडेची पातळ पट्टी माझ्या खाचेत ठोकून बसवली. मान पुन्हा सरळ झाली.

तारा चढल्या, तरी काका मला घेईनात.

“आणि आताही नाही जमलं तर?”

“तर परत उघडीन. मला काय कंटाळा आहे?”

काकांनी तार दाबली. स्वच्छ सूर निघाला! पुढचा चुकला, त्याच्या पुढचा जमला. मग त्यांना एक जुनी चाल सापडली. अडखळत का होईना, ती त्यांनी शेवटपर्यंत वाजवली. काकू रडत होत्या आणि हसतही होत्या. नणंद म्हणाली, “वहिनी, आजपासून दार गप्प आणि दादा सुरू!”

पट्टीच्या कडेला दाराच्या रंगाची बारीक हिरवी रेघ राहिली होती. काकू ती घासायला निघाल्या, तेव्हा काकांनी मला छातीशी धरलं. “हात लावायचा नाही.”

आज मी म्हातारी झाले आहे. काका अजून रोज वाजवतात आणि मी अजून मिरवते. तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखी कुणी तुमच्या घरी असेल, तर तिला ओलीत ठेवू नका, उन्हात टाकू नका, आणि बिघडली म्हणून अडगळीत तर मुळीच लोटू नका. कुठे चुकलं ते उघडून बघा. मलाही खुशाल पुसा, घासा, चकचकीत करा. फक्त त्या हिरव्या रेघेला हात लावू नका. ते आमच्या घराचं दार आहे, आणि काका त्यातूनच परत आले.